या कोण तुमच्या?

“या कोण तुमच्या?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

गिरिधरराव समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. शेजारच्या खुर्चीत प्रमोदिनीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. नंदनवन कॉलनीतल्या घरून निघताना त्यांनी मुद्दाम नवऱ्याच्या आवडीची साडी नेसली होती. त्याच्या तोंडून एकदा आपलं नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

“मी नाही ओळखत यांना,” गिरिधरराव म्हणाले.

“आणि हा?” डॉक्टरीणबाईंनी मुलाकडे, पुष्करकडे बोट केलं.

“नाही. मला कोणी नाही.”

पुष्करने तोंड फिरवलं. प्रमोदिनीबाईंना रडूच फुटलं. लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. शत्रूच्या छावणीत कोण कुठे झोपतो हे म्हणे त्याला ठाऊक असायचं. बायकोला मात्र नवरा कुठल्या गावी आहे हेही कळत नसे. त्याच्या टेबलावर कधी घरच्यांचा फोटो नाही, फोनवर कधी नावाने हाक नाही. ‘नोकरी संपली की सगळा वेळ तुझाच,’ म्हणायचा. नोकरी संपली आणि हे दुखणं सुरू झालं. आता रागवायचं तरी कोणावर?

डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं. गिरिधररावांच्या डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली. मग तेच प्रश्न, उलटसुलट करून, पुन्हा विचारले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, लष्करातला क्रमांक धडाधडा सांगितला. पुढे तोंडाला कुलूप.

“स्वतःपुरतं पक्कं आहे त्यांचं,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “माणसं मात्र पुसली गेली.”

प्रमोदिनीबाईंनी मान हलवली. दुसरं काय करणार होत्या?

पुष्कर गाडी आणायला गेला. बाहेरच्या बाकावर दोघंच उरली. गिरिधररावांनी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. मग बायकोकडे न पाहताच त्यांनी तिचा हात चाचपडत धरला.

“रडू नको वं, प्रमोदिनी,” ते कुजबुजले. “त्यायनं लय खोदून खोदून विचारलं. मी तुझं नाव नाही सांगितलं. पोराचंही नाही.”

“अहो...”

“चूप. तुले कोणी विचारलं, तर मले ओळखत नाही म्हणून सांगजो. आन् पोराले घेऊन निघ इथून. मले काही हे लोक आता सोडत नाहीत.”