लक्षात ठेवायचं

विसरायला व्हायला लागलं, तशी बाबांनी कॉम्प्युटरवर एक साधी फाइल केली.

गोळी जेवणानंतर.
गॅस बंद केला का, पाहणे.
बायको वारली. वाट पाहत बसू नये.

पण रोज त्यातली एखादी ओळ गायब व्हायची.

“बाबा, तुम्हीच पुसता ना?”

“अगं, संदर्भ लागत नाही ते कापायचं. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलीत मी. तू मला शिकवणार?”

महिनाभरानं मी कंटाळले. गेलेल्या ओळी पुन्हा टाइप केल्या, फुकटच्या एका वेबसाइटवर फाइल चढवली आणि तिची पीडीएफ करून घेतली. प्रिंट काढून बाबांच्या हातात ठेवली. “घ्या, आता पुसून दाखवा!”

बाबा हसले. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि एका ओळीवर सरळ रेघ मारली.

“बाकी मजकूर चोख आहे हं, बाई,” कागद परत देत ते अदबीनं म्हणाले.



रेघेखाली होतं, ‘संध्याकाळी येते ती माझी मुलगी.’