पाचवं पंक्चर

नुजहतनं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि दप्तर जमिनीवर आपटलं. तीन आठवड्यांत पाचवं पंक्चर! शाळेच्या स्टँडवर चाळीस सायकली, आणि काटा घुसणार तो नेमका हिच्याच टायरात.

"आता पायीच जा लागते," शेजारी उभी असलेली निशिगंधा हळूच म्हणाली.

"तुले काय वो, तू रोजच पायी जाते. माया सबक चुकते त्याचं काय?"

सबक म्हणजे साडेचारचा अरबीचा तास. तो चार वेळा चुकला होता. अम्मीनं, म्हणजे सईदानं, कालच बजावलं होतं, "और एक बार हुआ तो उस स्कूल से नाम निकालती मैं." घराजवळ दुसरी शाळा होतीच. निशिगंधाला मात्र नुजहतनं यातलं काही सांगितलं नव्हतं. उगाच रडत बसली असती.

नेरच्या त्या शाळेत सातवीच्या शेवटच्या बाकावर या दोघी. नुजहत वर्षापूर्वी पांढरकवड्याहून आलेली. तिच्या अब्बांचं, नासिरभाईंचं, फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान, म्हणून वर्गात तिचं नाव 'पंक्चर'. निशिगंधा राठोड वाटेवरच्या तांड्यातली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ. मधल्या सुट्टीत आजीनं दिलेल्या कापडावर कशिदा काढायची, आरसे टाचायची, म्हणून ती 'आरसा'. दोन्ही बारशी वर्गातल्या बंटीनं केलेली. त्या पोराला दुसरा उद्योगच नव्हता.

दुसरं कोणी बोलेना म्हणून दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या होत्या. आता नुजहतला तिच्यावाचून करमत नसे. डोक्यात जायचं ते एकच, निशिगंधाचं गप्प राहणं. कधी वही फाटलेली, कधी दप्तराचा बंद तुटलेला. विचारलं की म्हणायची, "पडली मी." इतकं कसं पडतं माणूस!

सुट्टी झाली की नुजहत फाटकापाशी हात हलवायची आणि सबक गाठायला सायकल दामटायची. मागे कोणाला बसवायची सोय नव्हती. अब्बांनी तीन भंगार सायकलींची मिळून ही एक केली होती, आणि तिघींपैकी एकीलाही कॅरिअर नव्हतं.

आज मात्र तिचं डोकं फिरलं. तिनं दांडीला अडकवलेला हवेचा पंप काढला आणि थेट फाटकापाशी गेली. बंटी दोन पोट्ट्यांबरोबर तिथंच बोरं खात उभा होता.

"काहून करतं रे पंक्चर?"

"मी नाही केलं."

"मंग काय भुतानं केलं?"

"आईची शपथ! मले काय भेटते त्यातून? उलट तू पायी असली का आमची रपट्यावरची सारी मजाच जाते."

रपटा म्हणजे तांड्याच्या अलीकडचा, नाल्यावरचा बुटका पूल. बंटीची टोळी संध्याकाळी तिथंच बसलेली असे. म्हणजे हा आपल्या पंपाला घाबरतो तर! नुजहतला बरं वाटलं, आणि रागही दुप्पट आला. "राहू दे ना वो," म्हणत निशिगंधा तिची बाही ओढत होती. नुजहतनं बाही सोडवून घेतली, बंटीची कॉलर धरली आणि त्याला विमलताई बाईंसमोर उभं केलं.

बंटीच्या तक्रारी ऐकून बाईंचे कान किटले होते. "उद्या वडिलांना घेऊन ये," एवढंच त्या म्हणाल्या. बंटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुसरं सारं केलं असंल बाई, पन हे नाही केलं," तो म्हणत राहिला. कोणी ऐकलं नाही. त्याचं कोणी ऐकावं असं त्यानं काही ठेवलंच नव्हतं.

दोघी पायी निघाल्या. वर्गात तोंड न उघडणारी निशिगंधा पायी चालताना मात्र थांबायची नाही. बकरीला झालेली जुळी पिल्लं, आजीचा दुखणारा दात, सगळं सांगून झालं.

"आज कशिदा नाही काढला?" नुजहतनं मध्येच विचारलं.

"सुई तुटली," ती म्हणाली आणि पुन्हा बकरीवर गेली.

रपट्यावर टोळी होती, पण पंप पाहून कोणी जागचं हललं नाही. पुढे तांड्याच्या तोंडाशी आजी डोळ्यांवर हात धरून उभी होती. दोघींना बरोबर पाहिलं आणि आत गेली.

दुकानात अम्मी वाटच पाहत होती. "हुआ ना फिर? कल आती मैं स्कूल में."

"पकडलं मी त्याले! बंटी हाय थो!" नुजहत ओरडली.

नासिरभाईंनी चाक उलटं केलं. घरात ते हिंदी बोलत, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी आणि पंक्चर काढताना दोन्ही मिळून. "ट्यूब तू जोडते, ठीक. टायरात आतून बोट फिरवलं का कधी?"

ठिगळ लावण्याआधी टायरात बोट फिरवून पाहायचं, हा दुकानाचा पहिला धडा. पण रागाच्या भरात नुजहतनं चारही वेळा फक्त ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधलं होतं. भोक दर वेळी बारीक, हवा भरायच्या वॉलच्या शेजारी.

नासिरभाईंनी बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. मग पकडीनं काहीतरी ओढून तिच्या तळहातावर ठेवलं. सुईचं तुटकं टोक होतं.

"बारीक हाय. कशिद्याची," ते हसले. "तुया बंटी कशिदा काढते का बाप्पा?"

नुजहत त्या टोकाकडे पाहत राहिली. निशिगंधाची तुटलेली सुई, तिच्या फाटलेल्या वह्या, तुटलेला बंद, बंटीच्या टोळीची रपट्यावरची मजा.

"क्या निकला?" अम्मीनं दारातून विचारलं.

नुजहतनं मूठ मिटली.

"काटा. बाभळीचा. बंटीनं नाही केलं, उद्या बाईले सांगतो मी. आता नाही होनार पंक्चर." मग ती अब्बांकडे वळली. "अब्बा, सायकलले कॅरिअर बसवून द्या. मजबूत पायजे. आन् सकाळच्या आत."