सत्तय्यांचा माग

"शून्य म्हंजे शून्य," ऋतुराज सर म्हणाले आणि चाचणीचा पेपर यशोदाच्या हातात परत दिला.

प्रश्न सरांनी स्वतः काढलेला. सोलापूरच्या पोरांना सोलापूरचंच वाक्य द्यावं म्हणून दोन दिवस डोकं खाजवलं होतं. 'आज माग रुसला.' अलंकार ओळखा. निर्जीव वस्तू माणसागत वागली की चेतनगुणोक्ती, हे त्यांनी वर्गात इतक्यांदा घोकून घेतलं होतं की खिडकीतल्या चिमण्यासुद्धा तेच बडबडायला लागल्या होत्या. सगळ्या वर्गानं बरोबर लिहिलं. यशोदानं लिहिलं, 'अलंकार नाही. असंच होतं.'

त्या प्रश्नाला शून्य, एकूण वीसपैकी सहा. सात पडले तर पास. आणि नापास पोरीनं मैदानात उतरायचं नाही, हा शाळेचा नियम. उद्या माढ्याला कबड्डीचा सामना. यशोदा चढाईला गेली की समोरच्या पोरींचे पाय जमिनीत रुजायचे आणि त्यांना पालवी फुटायची, असं अख्खी शाळा सांगायची.

"सर, एक मार्क द्या की."

"उत्तर चुकलंय."

"चुकलं न्हाई सर. आमच्यात खरंच रुसतो."

पेपरावर पालकांची सही लागायची. मधल्या सुट्टीत यशोदा घरी पळाली आणि घंटा व्हायच्या आत परत आली. सहीच्या जागी तिच्या बापानं, सत्तय्यांनी, लिहिलं होतं, 'येऊन बघा.'

सरांना राग आला. शाळा सुटली तसे ते तिच्यासंगं तरातरा निघाले. ऊन असं की कावळ्याची सावली कावळ्याला सोडून लिंबाखाली जाऊन बसलेली.

सत्तय्यांच्या घरात दोन खोल्या. एक माणसांची, एक मागाची. मोठी मागाची. माग बंद होता, टॉवेल अर्धा विणून थांबलेला. सत्तय्या लुंगी खोचून त्याच्यासमोर उकिडवे बसलेले, हातात गुळाचा खडा.

"या सर. सकाळपासनं असंच चाललंय. चूक माझीच हाय. काल पाव्हण्यासमोर बोलून गेलो, म्हातारा झालाय, आता भंगारात घालतो म्हणून. ह्याच्या तोंडावर बोललो. लागलं त्याला."

"अहो, पट्टा सैल झाला असेल."

"पट्टा बघितला, मोटर बघितली, धोटा बघितला." सत्तय्यांनी गूळ मागाच्या फळीवर ठेवला आणि स्वतःचे दोन्ही कान धरले. "चुकलं रे राजा. तू हायस म्हणून आमी हाय."

बटण दाबलं. खटाक खट, खटाक खट. भिंतीवरची भांडी नाचायला लागली.

"योगायोग," सर हसले. "शेवटी लोखंडाचं धूडच ते."

माग थांबला.

सरांनी वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता. लाइट गेली नव्हती. त्यांनी सत्तय्यांकडं बघितलं, यशोदाकडं बघितलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या शेजारच्या राजाबाईंकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता?" राजाबाई म्हणाल्या. "मी न्हाई बोलले कोण धूड हाय ते."

"सांजच्याला माल द्यायचाय सर," सत्तय्या हळूच म्हणाले. "आता माझं ऐकायचा न्हाई तो. तुमीच बोललाय, तुमीच समजूत काढा."

सर मराठीत एम.ए., तेही पहिल्या वर्गात. त्यांनी गल्लीत डोकावून शाळेतलं कुणी नाही याची खात्री केली. चष्मा काढला. मागाच्या कानाशी, म्हंजे जिथं कान असावा असं त्यांना वाटलं तिथं, वाकले आणि काहीतरी पुटपुटले. काय ते कुणाला ऐकू आलं नाही, पण लई वेळ पुटपुटले. मग खिशातनं रुमाल काढून त्याच्यावरची रुईची धूळ पुसली.

खटाक खट, खटाक खट.

सरांनी मुकाट्यानं लाल पेन काढलं आणि सहाचे सात केले. सत्तय्यांनी सही केली. यशोदा मात्र हसेना.

"आता गं काय झालं?"

"सर, माझं बरोबर तर बाकी सगळ्यांचं चूक की. संघातल्या सुकन्या आन् चेतना, दोघी सातवरच हायत. त्यांचा एकेक गेला तर मी माढ्याला जाऊन काय एकटीच खेळू?"

हे सरांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी मागाकडं बघितलं. तो मजेत चालला होता. यशोदाला खूण करून ते बाहेर आले, अंगण ओलांडलं, गल्लीच्या पार टोकाला पिठाच्या गिरणीपाशी जाऊन थांबले आणि तोंडावर हात आडवा धरून बारीक आवाजात म्हणाले, "त्यांचं पण बरोबर. पण बाकीचं शाळेत बोलू. हितलंसुद्धा ऐकू जातं त्याला."