दुसरी साक्ष

"चहा ठेवते," सुगंधा म्हणाली. नको म्हणायचाही स्वरदाला कंटाळा आला होता.

विक्रोळीच्या चाळीतली ही खोली. भिंतीवर चंद्रप्रकाशचा फोटो, त्याला ताजा हार. त्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता. कोकणातली माणसं सुतकात परक्याला चहा विचारत नाहीत, हे स्वरदाला ठाऊक होतं. पण मुंबईत आता कोण कशाचं पाळतंय, म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही.

साखर कुठल्या डब्यात आहे तेही सुगंधाला आठवेना. बिचारीचं चित्त थाऱ्यावर नसणारच.

साकीनाक्याच्या गाळ्याला आग लागली तेव्हा शटरला बाहेरून कुलूप होतं. चंद्रप्रकाशसकट आतली सगळी माणसं गेली. मालक म्हणत होता, कुलूप नव्हतंच. अशा बातम्या स्वरदाने ढाक्यातून दिल्या होत्या, मनिलातून दिल्या होत्या. कुलूप सगळीकडे बाहेरूनच असतं आणि मालक सगळीकडे हेच म्हणतो. पूर्वी तिचं डोकं फिरायचं. आता नुसता शीण यायचा.

तरी ही बातमी तिला सोडवत नव्हती. एका माणसाच्या शब्दावर संपादक छापणार नव्हते, दुसरी साक्ष हवी होती. पहिल्या साक्षीदारानेच सांगितलं होतं की चंद्रप्रकाशने आतून बायकोला फोन केला होता. पण तिला यात ओढू नका, असंही तो म्हणाला होता. पत्ता त्याने दिलाच नाही. तो स्वरदाने स्वतः शोधून काढला.

"त्यांनी आतून फोन केला होता ना तुम्हाला?"

"केला होता." सुगंधाने कप पुढे केला. "पण मी एकटी बाई. उद्या शेठची माणसं दारात आली तर?"

"एकट्या नाही तुम्ही. अजून एकजण बोललाय."

"असं सगळेच सांगतात, ताई."

स्वरदाने चहाचा घोट घेतला. साक्षीदाराचं नाव दुसऱ्या साक्षीदारालाही सांगायचं नाही, हे ती नवशिक्या पोरांना शिकवायची. समोरच्या बाईच्या हातात बांगडी नव्हती. तिला काहीतरी धीर द्यायलाच हवा होता.

"त्यांच्याबरोबरच काम करायचा," ती म्हणाली. "सुशांत. कुलूप लावताना त्याने बघितलंय."

"सुशांत? तो तर गावाला पळाला म्हणतात."

"नाही हो. खारदांड्यात आहे, मावशीकडे. सुखरूप आहे."

सुगंधाने पदराने डोळे टिपले. "तो असेल तर मी पण बोलते. उद्या या तुम्ही."

चाळीतून बाहेर पडताना स्वरदाला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबून तिने फोन लावला.

"सुशांत, रागावू नकोस रे. तू नको म्हणालास तरी मी विक्रोळीला जाऊन आले. सुगंधावहिनी बोलायला तयार आहेत. तुझं नाव सांगितलं तेव्हा कुठे त्यांना धीर आला."



"मॅडम, वहिनीला मी मयताच्या दिवशीच इकडे आणलंय," सुशांत म्हणाला. "ती आत्ता माझ्यासमोर बसलीय."