अरीबाचं यान

मूल गावच्या गणेश मंडळासाठी इब्राहीमभाऊंनी बांबूच्या कामट्यांचं पंधरा फुटी अंतराळयान उभं केलं. दर मोहरमला ताजिया बनवणारे हात ते. कागद चढवला, रुपेरी रंग मारला, खिडकीखिडकीत बल्ब सोडले. त्यांच्या लेकीनं, अरीबानं, टीव्हीवरच्या सिनेमात पाहिलं होतं अगदी तसंच झालं. पण ती तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात होती. गणपती तलावात शिरवल्यावर यान आपल्या अंगणात आणून तिच्यासाठी त्याचे बल्ब लावायचे, असं त्यांच्या मनात होतं. मंडळाला सांगायचं तेवढं राहून गेलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते अरीबाला घेऊन बसनं परतले. "अब्बा, यानापाशी आलो का मले उठवजा," म्हणून ती त्यांच्या खांद्यावरच झोपली.

मांडव रिकामा होता.

"यान कुठी आहे?" त्यांनी मंडळाच्या प्रफुलला विचारलं.

"भाऊ, तुमच्या हातची चीज आमी कचऱ्यात थोडीच टाकू?" प्रफुल म्हणाला. "तुमी ताजिया ठंडा करता ना, तसंच बाप्पासंगं तलावात शिरवलं. पुऱ्या इज्जतीनं."

"बरं केलं," इब्राहीमभाऊ म्हणाले, आणि अरीबाला न उठवता घराकडे चालू लागले.