तिसऱ्यांदा घेवडा

मुंगीने पुन्हा कुंडीत बोट खुपसलं आणि माती उकरली. आत घेवड्याचा दाणा होता. मऊ, काळपट, चिकट. ते बोट तिने सरळ ताईच्या फ्रॉकला पुसलं.

"उगवलं?"

"नाही गं राणी."

मुंगी म्हणजे ताईची अडीच वर्षांची धाकटी बहीण. साखरेचा डबा कुठेही लपवा, ती बरोबर पोचणार, म्हणून मुंगी. गेले अठरा दिवस मात्र तिचा जीव गॅलरीतल्या या एका कुंडीत अडकला होता. आईने हॉस्पिटलमधून फोनवर सांगून टाकलं होतं, "घेवडा लावा. तो उगवला, की मी बाळाला घेऊन आलेच." बाळ दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मलं होतं. ते काचेच्या पेटीत होतं, आणि आई पेटीशेजारी.

घेवडा लावायचा, त्यात काय मोठंसं? ताई आठवीत होती, विज्ञानात वर्गात पहिली. तिने मुंगीच्या हातात चमचा दिला. मुंगीने निम्मी माती कुंडीत टाकली आणि उरलेली स्वतःच्या चड्डीत. मग बोटाने चार भोकं पाडली, बाबांनी भिजवून दिलेला एकेक दाणा आत झोपवला, वरून थोपटलं आणि स्वतःच्या दुधाच्या बाटलीने पाणी घातलं. दोघी हसून हसून लोळल्या होत्या त्या दिवशी.

ते दाणे कुजले. पाणी जास्त झालं असेल, ताईला वाटलं. दुसरे चारही कुजले. तिने माती बदलली, कुंडी उन्हात सरकवली, पाणी चमच्याने मोजून घातलं. आता हे तिसरे.

मुंगी हल्ली घासागणिक "उगवलं?" विचारायची. नाही म्हटलं की ओठ घट्ट मिटायची. तिची चड्डी कमरेवर टिकेनाशी झाली होती. बाबांना बाळाचं विचारलं, की ते "ठीक आहे" म्हणायचे आणि नळ सोडून तोंड धुवायला लागायचे. काहीच ठीक नसलं की मोठी माणसं असंच म्हणतात, एवढं ताईला कळत होतं. आणि एक गोष्ट तर तिने कुणालाच सांगितली नव्हती. विज्ञानात पहिली वगैरे सगळं खरं, पण तिला आतून वाटायला लागलं होतं, की दाणे असेच कुजत राहिले तर बाळही... पुढचं वाक्य ती मनातसुद्धा पुरं करत नव्हती.

तिने चारही दाणे उकरून मुठीत घेतले. "इथंच बस हं," ती मुंगीला म्हणाली आणि स्वयंपाकघरात धावली.

"बाबा, अजून दाणे दे. आत्ताच्या आत्ता. हे पण गेले."

बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते. आईचा डबा भरून तयार होता. तरी गॅस चालू होता. छोट्या पातेल्यात पाणी खळखळत होतं, आणि त्यात घेवड्याचे चार दाणे वरखाली नाचत होते.

उकळलेलं बी कधी उगवत नाही. हे कळायला विज्ञानात पहिलं यावं लागत नाही.

"तिन्ही वेळा?" ताईने विचारलं.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. "वजन वाढतंय त्याचं. पण कणाकणाने. डॉक्टर म्हणतात, अजून महिनाभर तरी सोडणार नाहीत. हा घेवडा आठवड्यात वर आला असता. मग मुंगीला काय सांगितलं असतं मी?"

वाढतंय. ताईला तेवढंच ऐकू आलं. ती मटकन खाली बसली आणि गुडघ्यात तोंड घालून ढसाढसा रडली.

मग ती उठली, नाक पुसलं आणि गॅस बंद केला.

"आंब्याची कोय लावू," ती म्हणाली. "तिला उगवायला महिना लागतो. विचारायचं तरी होतंस मला."