दाराच्या आत हात

मुलांनो, समजा तुमचा हात कोपरापर्यंत एका जुन्या गाडीच्या दारात आहे. दाराच्या फटीत नव्हे हं, थेट दाराच्या पोटात. आतला पुठ्ठा काढला की पत्र्याला भोक दिसतं ना, त्यातून आत. तिथे काळोख आहे, वंगणाची चिकचिक आहे आणि पत्र्याच्या कडा ओरखडायला टपलेल्या आहेत. डोळ्यांचा काही उपयोग नाही. बोटांनीच बघायचं.

बारकी तसंच बघत होती. दार सताड उघडं होतं आणि ती त्याच्यासमोर उकिडवी बसली होती.

"सळीचं टोक सापडलं?" आजोबांनी विचारलं. त्यांचा पंजा त्या भोकाला झेपत नव्हता. सकाळी कसाबसा आत गेला होता, पण मग बाहेर निघेना; साबणाचं पाणी लावावं लागलं.

"सापडलं. खुंटीत अडकवलं पण."

"शाब्बास! आता बघ, बाहेरून हँडल ओढलं की ही सळी वर जाणार, सळी लॉकची पट्टी उचलणार, की सुटलं दार. पण सळी पट्टीच्या खुंटीवरून निसटू नये म्हणून क्लिप लागते. नखाएवढीच असते, पण सगळा कारभार तिच्यावर."

बारकीने हात बाहेर काढला. आजोबांनी डबीतली क्लिप तिच्या तळहातावर ठेवली. "आणि क्लिप बसली तरी दार लगेच लावायचं नाही. आधी उघड्या दारातच स्क्रूड्रायव्हरने लॉक मिटवायचं, हँडल ओढून सुटतंय का ते पाहायचं. मगच दार लावायचं. उतावळा मेकॅनिक खिडकीतून घरी जातो, काय?"

बाहेरचं हँडल त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं होतं. मोडलेल्या दांड्याला पितळी तुकडा जोडला, नवी स्प्रिंग घातली, खाली रबर बसवलं आणि वरून असं चमकवलं की त्यात बारकीला आपलं नाक बटाट्याएवढं दिसत होतं.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. हँडल मोडलं ते आईच्या हातात, तेही चारचौघांत. तेव्हापासून तिने या गाडीत पाय ठेवला नव्हता. आज मावशीकडे जायचं होतं. दार बाहेरून उघडलं तर आई गाडीने येणार, नाहीतर एकटी बसने. आणि मावशीकडे असं दोन वाटांनी जाणं बारकीला मुळीच मान्य नव्हतं.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. आई खांद्याला पिशवी अडकवून आली.

"काय बाबा, झालं का? की मी आपली बस धरू?"

"झालं का म्हणजे? अगं, कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा या गाडीचं हँडल असं नव्हतं!"

"तुमचं हे 'झालं' मी लग्नाआधीपासून ऐकतेय."

एवढं पुरे होतं. आजोबांनी छाती पुढे काढली आणि दार धाडकन लावून टाकलं.

"उघड!" ते म्हणाले.

आईने हँडल ओढलं. ते झोकात बाहेर आलं, झोकात आत गेलं. दार ढिम्म.

बारकीने आजोबांकडे बघत मूठ जराशी उघडली. क्लिप तळहातावरच होती. आजोबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"निदान या वेळी हातात तरी आलं नाही," आई म्हणाली आणि तिने पिशवी सावरली. "चला, भेटू मावशीकडे."

"आई, थांब! मी सांगेन तेव्हा ओढ!"

बारकी गाडीला वळसा घालून पळाली. ड्रायव्हरच्या दाराने आत शिरली आणि लांबलचक सीटवरून घसरत पलीकडे पोचली. आतलं हँडल आजोबांनी पुठ्ठ्याबरोबरच काढून ठेवलं होतं, त्यामुळे त्याची आशा नव्हती. तिने भोकात हात घातला. सळी खुंटीवरून निसटून लोंबत होती. बोटं आणखी आत गेली, कोपर पत्र्याला घासलं, आणि पट्टी लागली.

"ओढ!"

आईने ओढलं. सळीचं टोक बारकीच्या मनगटाला टोचून वर गेलं, तशी तिने पट्टी उचलली.

खट्!

दार उघडलं, आणि दाराबरोबर बारकीही अर्धी बाहेर आली, हात अजून आतच.

आई बघतच राहिली. "बाबा, तुमच्या हँडलला पोरगी फुटलीय."

"क्लिप राहिली," आजोबा पुटपुटले. "मीच घाई केली."

"पण उघडलं की नाही?" बारकी लोंबकळत म्हणाली.

"उघडलं कुणी?"

"बाहेरून तूच उघडलंस."

आईने ओठ घट्ट दाबले, पण हसू खांद्यांतून निसटलंच. पाय बाहेर ठेवून ती सीटच्या कडेवर टेकली. "आणि मावशीच्या दारात मी उतरून परत कशी बसणार? तेव्हाही अशीच हात घालून थांबणार का गं?"

"आत्ता बसवतो ना क्लिप," आजोबा पुढे सरसावले. "बारके, तू फक्त..."

बारकीने हात बाहेर काढला. क्लिप आईच्या बोटांत दिली. मग आईच्या मनगटावरचं घड्याळ काढून आजोबांकडे सोपवलं, तिची बाही कोपराच्या वर सारली, आणि तिचा हात धरून हळूच दाराच्या आत नेला.